एका फोटॉनने नेमकं किती सांगितलं?

क्वांटम भौतिकीवरच्या भाषणांत एक वाक्य हमखास येतं: ‘निरीक्षण केलं की वास्तव बदलतं.’ तिथून गाडी मन, चैतन्य, ब्रह्म अशी कुठेही वळते. मला त्या वाक्याचा मनापासून राग येतो. चूक म्हणून नव्हे, तर त्याच्या आड एक सुंदर आणि सरळ मोजता येणारी गोष्ट झाकली जाते म्हणून. निरीक्षणातून किती कळलं हे आकड्यात सांगता येतं, ‘बिट’ या माहितीच्या एककात. 0.4 बिट, 0.31 बिट, कधी शून्य बिट. तो आकडा काढायला बसलं की लगेच दुसरा प्रश्न समोर येतो: किती कळलं ते ठीक, पण कशाबद्दल कळलं? या दुसऱ्या प्रश्नाला बगल दिली की क्वांटम मापनाबद्दलचा निम्मा गोंधळ सुरू होतो.

माहितीचं माप 1948 साली क्लॉड शॅनन यांनी बसवून दिलं. ते तेव्हा बेल लॅब्जमध्ये टेलिफोन आणि तारायंत्राच्या संदेशांवर काम करत होते. संदेशाचा अर्थ काय, याकडे त्यांनी मुद्दाम दुर्लक्ष केलं. उत्तर कळण्याआधी किती अनिश्चितता होती आणि कळल्यावर किती उरली, एवढंच त्यांनी विचारलं. दोन्हींतला फरक म्हणजे मिळालेली माहिती. दोन शक्यता अगदी समसमान असतील, तर उत्तर मिळाल्यावर एक बिट हाती लागतो.

आपल्याकडचं उदाहरण घेऊ. ऐन जुलैत मालवणात उद्या पाऊस पडण्याची शक्यता समजा 90 टक्के आहे. ‘पडला’ ही बातमी किती मोठी? शॅननच्या हिशेबाने 0.15 बिट, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. ‘पडला नाही’ ही बातमी मात्र 3.3 बिटांची. पण ती दहातून एकदाच येते. दोन्हींची सरासरी काढली की 0.47 बिट. म्हणजे जुलैत रोज खिडकीबाहेर बघण्याची किंमत सरासरी अर्ध्या बिटाहून थोडी कमी. हेच ऑक्टोबरात, पाऊस जातोय की राहतोय अशा निम्म्या-निम्म्या दिवसांत विचारलं, तर पूर्ण एक बिट मिळेल. आकाश तेच, खिडकी तीच. बदलली ती आपली आधीची अनिश्चितता.

इथपर्यंत सगळं साधं आहे, कारण खिडकीतून पाहिल्याने पावसाला काही होत नाही, आणि पाऊस पडला की नाही याला निश्चित उत्तर आपण बघण्याआधीपासून असतं. फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशाच्या एका कणाच्या, बाबतीत या दोन्ही गोष्टी गृहीत धरता येत नाहीत.

जेटीवरचा चष्मा

मालवणच्या जेटीवर गळ टाकून बसणारी बरीच मंडळी हल्ली पोलराइज्ड गॉगल घालतात. त्यांच्यातल्या एकाने मला विचारलं होतं, “सर, ह्यो चष्मो घातलो काय पाण्याखालचो मासो दिसता. साध्या काळ्या चष्म्यात दिसणा नाय. ह्येच्यात असा काय आसा?”

साधा काळा चष्मा सगळाच उजेड सारखा कमी करतो, त्यामुळे चकाकी आणि मासा दोन्ही अंधुक होतात. प्रकाश ही लहर आहे आणि ती कुठल्या दिशेत थरथरते याला ध्रुवीकरण म्हणतात. समुद्राच्या पृष्ठभागावरून परावर्तित होऊन डोळ्यांत घुसणारी चकाकी बरीचशी आडवी थरथरणारी असते. लंबाशी सुमारे 53 अंशांचा कोन करून आलेला प्रकाश परावर्तित झाला तर तो पूर्णच आडवा असतो. पोलराइज्ड काच फक्त उभं थरथरणं आत सोडते. चकाकी अडते, पाण्याच्या आतून येणारा उजेड बराचसा पार होतो आणि मासा दिसतो. मी त्यांना मान खांद्याकडे कलती करायला सांगितलं. जसजशी मान कलली तसतशी चकाकी परत येत गेली, आणि ते बराच वेळ मान इकडे-तिकडे कलवत समुद्राकडे बघत राहिले.

मान कलवल्यावर उजेड किती कमी-जास्त होतो याचा नियम बारावीला शिकवतात. मालस या फ्रेंच भौतिकीतज्ज्ञाने तो 1809 च्या सुमारास मांडला: पार होणारा उजेड कोनाच्या कोसाइनच्या वर्गाच्या प्रमाणात. 30 अंशांना तीन चतुर्थांश, 45 ला निम्मा, 90 ला शून्य.

आता उजेड कमी-कमी करत एकेका फोटॉनवर आणा. तीन चतुर्थांश फोटॉन पार होऊ शकत नाही, कारण फोटॉनचे तुकडे पडत नाहीत. तो एक तर अख्खा पार होतो किंवा अडतो. मग मालसचा नियम उजेडाचं प्रमाण सांगायचं सोडून शक्यता सांगू लागतो: 30 अंशांना पार होण्याची शक्यता 75 टक्के. प्रयोगशाळेत यासाठी फिल्टरऐवजी कॅल्साइटचा स्फटिक वापरतात. तो फोटॉन गिळत नाही, दोनपैकी एका वाटेला लावतो, आणि पुढचा शोधक ‘टिक’ करून कुठल्या वाटेने आला ते सांगतो. म्हणजे प्रत्येक फोटॉनमागे हो किंवा नाही असं एक उत्तर. आता या उत्तराची किंमत काढू.

टिक झाली, कळलं किती?

समजा पाठवणारा दर वेळी नाणं उडवतो आणि आडवा किंवा उभा फोटॉन पाठवतो. आपल्याला ओळखायचंय कुठला. आपलं यंत्र नीट आडवं-उभं लावलेलं असेल तर दर वेळी अचूक उत्तर, म्हणजे एक बिट. यंत्र साडेबावीस अंशांनी फिरवलं तर 85 टक्के वेळा उत्तर बरोबर येतं, पण माहिती मिळते फक्त 0.4 बिट. 85 टक्के बरोबर म्हणजे 85 टक्के माहिती असं बरेच जण धरून चालतात, ते तसं नाही. डोळे मिटून सांगितलं तरी 50 टक्के बरोबर येणारच होतं, शिवाय चुकलेली 15 टक्के उत्तरं नेमकी कुठली हेही माहीत नाही. त्या न कळण्याची वजावट मोठी असते. 30 अंशांना माहिती 0.19 बिटांवर येते आणि 45 अंशांना शून्यावर.

ही 45 अंशांची स्थिती नीट लक्षात घ्या. यंत्रात बिघाड नाही. शोधक टिक करतोय, वहीत आकडे भरतायत, प्रत्येक फोटॉन कुठल्या वाटेने गेला याचं स्वच्छ उत्तर मिळतंय. तरी पाठवणाऱ्याने काय पाठवलं याबद्दल आपल्याला काडीचंही कळलेलं नाही. उत्तरांचा ढीग आणि माहिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता थोडं अवघड. पाठवणारा आडवा किंवा 45 अंशांत तिरपा फोटॉन पाठवतो, पुन्हा निम्मे-निम्मे. या दोन दिशा काटकोनात नाहीत. असे दोन फोटॉन शंभर टक्के खात्रीने आणि दर वेळी वेगळे ओळखणारं यंत्र बनवताच येत नाही. कारागिरी कमी पडते असं नाही, ही क्वांटम सिद्धांताचीच मर्यादा आहे. मग उत्तम काय करता येईल?

पहिला मार्ग, यंत्र आडवं-उभं लावा. आडवा फोटॉन आला तर ‘आडवा’ वाटेलाच जाणार. तिरपा आला तर निम्म्या वेळा ‘आडवा’, निम्म्या वेळा ‘उभा’. म्हणजे ‘उभा’ची टिक झाली तर खात्रीच झाली की तिरपा होता, पूर्ण एक बिट. पण ती चारांतून एकदाच होते. उरलेल्या तीन वेळा ‘आडवा’ची टिक होते, आणि तेव्हा आडव्याची शक्यता 50 टक्क्यांवरून 67 टक्क्यांवर जाते, त्याचे मिळतात जेमतेम 0.08 बिट. सरासरी 0.31.

दुसरा मार्ग विचित्र वाटेल. यंत्राचे अक्ष दोन्ही दिशांपासून सारखेच बाजूला ठेवा: एक आडव्याच्या साडेबावीस अंश अलीकडे, दुसरा तिरप्याच्या साडेबावीस अंश पलीकडे. आता एकही उत्तर खात्रीचं नाही. दर वेळी 15 टक्के चुकण्याची टांगती तलवार. तरी सरासरी माहिती 0.40 बिट, पहिल्यापेक्षा जास्त! विद्यार्थ्यांना हे गणित करायला दिलं की ते आधी विश्वास ठेवत नाहीत आणि मग स्वतःच्या हाताने आकडा काढतात. कुठलंही उत्तर पक्कं नसलेलं मापन, अधूनमधून पक्कं उत्तर देणाऱ्या मापनापेक्षा जास्त सांगतं. या दोन स्थितींसाठी 0.40 हीच कमाल. याच्या वर कुठल्याही यंत्राने जाता येत नाही.

पाठवणाऱ्याने नाणं उडवून एक बिट आत टाकला, बाहेर निघाला जास्तीत जास्त 0.4. उरलेल्याचं काय, याचं उत्तर द्यायला 1973 साली अलेक्झांडर होलेवो या सोव्हिएत गणितज्ञाने एक कमाल मर्यादा सिद्ध केली. पाठवलेल्या सगळ्या फोटॉनांची सरमिसळ किती अनिश्चित आहे याचं एक क्वांटम माप असतं, फॉन नॉयमन यांनी 1927 मध्ये दिलेलं, त्याला एन्ट्रॉपी म्हणतात. आपल्या उदाहरणात ते 0.60 बिट येतं. होलेवोचं म्हणणं असं की असे शुद्ध स्थितीतले, म्हणजे प्रत्येकाची दिशा पाठवताना पक्की ठरलेले, फोटॉन येत असतील तर मोजणाऱ्याला याहून जास्त माहिती कधीच मिळणार नाही. आणि एका फोटॉनच्या ध्रुवीकरणासाठी हा आकडा एकाच्या वर जाऊ शकत नाही.

या निकालापाशी थोडं थांबायला हवं. ध्रुवीकरणाचा कोन काहीही असू शकतो. 17.3 अंश, 17.3052 अंश, दशांश चिन्हापुढे वाटेल तितके आकडे. फोटॉन तयार करताना त्यात अख्खा ग्रंथ कोनाच्या रूपाने भरता येईल असं वाटतं. पण वाचताना निघणार जास्तीत जास्त एक बिट. शंभर प्रती काढून वाचू म्हटलं तर तेही नाही: अज्ञात क्वांटम स्थितीची हुबेहूब प्रत काढता येत नाही, हे 1982 साली वूटर्स आणि झुरेक यांनी, आणि स्वतंत्रपणे डीक्स यांनी, दाखवून दिलं.

पाठवणाऱ्यानेच एकाच कोनातले भरपूर फोटॉन दिले तर मात्र कोन मोजता येतो, फक्त सावकाश. 100 फोटॉन मोजले की कोन साधारण 3 अंशांच्या अचूकतेने कळतो. 0.3 अंशापर्यंत यायचं तर 10,000 लागतात. दशांश चिन्हापुढचा एक आकडा म्हणजे सव्वातीन बिट, आणि त्यासाठी शंभरपट फोटॉन. सुरुवातीचे फोटॉन भरपूर सांगतात, पुढचे आधी कळलेलंच पुन्हा सांगत राहतात.

किंमत

हे घरी करून बघता येतं. एलसीडी स्क्रीनच्या लॅपटॉपवर पांढरं पान उघडा आणि पोलराइज्ड गॉगल डोळ्यांसमोर धरून हळूहळू फिरवा. एका कोनाला स्क्रीन काळी पडेल, कारण स्क्रीनमधून निघणारा प्रकाश एकाच दिशेने थरथरणारा असतो आणि गॉगलने त्याला पूर्ण अडवलं. आता तसंच धरून ठेवा आणि स्क्रीन व गॉगल यांच्यामध्ये दुसरा पोलराइज्ड गॉगल 45 अंशांत तिरका सरकवा. जिथे अंधार होता तिथे उजेड दिसेल. मध्ये आणखी एक अडथळा घातला आणि उजेड वाढला!

मधल्या काचेने प्रत्येक फोटॉनला विचारलं, ‘तिरपा आहेस का?’ ज्यांनी ‘हो’ म्हटलं ते त्यापुढे तिरपेच झाले. स्क्रीनमधून निघताना ते कुठल्या दिशेचे होते याची खूण पुसली गेली, म्हणून शेवटच्या काचेतून त्यातले निम्मे पार झाले. आदर्श काचांमध्ये स्क्रीनमधून निघालेल्या उजेडाचा पाव हिस्सा डोळ्यांपर्यंत येतो. निरीक्षणाने ‘वास्तव बदलतं’ म्हणतात ते हे. नव्या प्रश्नाचं उत्तर मिळवताना जुन्या प्रश्नाचं उत्तर हातचं जातं. यात पाहणाऱ्याच्या मनाचा काही संबंध नाही, काच एकटीच हे करते.

चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार यांनी 1984 साली या किमतीचाच पहारेकरी केला. गुप्त संकेताची किल्ली पाठवायला आडवे-उभे आणि दोन्ही तिरप्या दिशांचे फोटॉन सरमिसळ वापरायचे. वाटेत कोणी प्रत्येक फोटॉन मोजून पुढे ढकलत असेल, तर त्याला कुठल्या जोडीत (आडव्या-उभ्या की तिरप्या) मोजायचं हे माहीत नसतं. निम्म्या वेळा तो चुकीची जोडी निवडतो, आणि त्यातल्या निम्म्या वेळा पुढच्याला चुकीचं उत्तर मिळतं. किल्लीत 25 टक्के चुका दिसू लागतात. नंतर जोड्या जाहीर झाल्यावरही चोराच्या हाती किल्लीच्या प्रत्येक बिटामागे सरासरी अर्धाच बिट असतो. याचा पहिला प्रयोग 1989 मध्ये झाला तेव्हा फोटॉन हवेतून गेले होते सुमारे 30 सेंटिमीटर.

कालचं की आत्ताचं?

आतापर्यंत आपण विचारत होतो, पाठवणाऱ्याने काय पाठवलं होतं. हा भूतकाळाबद्दलचा प्रश्न. डच भौतिकीतज्ज्ञ हिलब्रांड ग्रोनेवोल्ड यांनी 1971 मध्ये वेगळा हिशेब मांडला: मापनाआधी फोटॉनच्या स्थितीबद्दल किती अनिश्चितता होती, मापन झाल्यावर सरासरी किती उरली, आणि त्यांतला फरक म्हणजे मापनाने मिळवलेली माहिती. हा वर्तमानाबद्दलचा प्रश्न, फोटॉन आत्ता कसा आहे याचा.

दोन्ही मापं एकाच टिकला लावून बघा. पाठवणारा आडवे-उभे पाठवतोय, आपला कॅल्साइट 45 अंशांत आहे. पाठवणाऱ्याबद्दल मिळाले शून्य बिट, हे आधी पाहिलं. पण मापनापूर्वी फोटॉन आपल्या दृष्टीने पूर्ण अनिश्चित होता, एक बिट. मापनानंतर तो कुठल्या वाटेने गेला हे कळलं, म्हणजे तो आत्ता नेमका कुठल्या तिरप्या दिशेत आहे हे पक्कं ठाऊक झालं. अनिश्चितता शून्य. ग्रोनेवोल्डच्या मापाने पूर्ण एक बिट मिळाला! एकच फोटॉन, एकच टिक, एका प्रश्नाला शून्य आणि दुसऱ्याला एक. कोणी म्हणतं क्वांटम मापनातून काहीच कळत नाही, कोणी म्हणतं सगळं कळतं, आणि दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत एकमेकांशी भांडत असतात. आडवा-तिरपा खेळातही तसंच. आदर्श मापन कुठलंही करा, वर्तमानाबद्दल 0.60 बिट मिळतात, भूतकाळाबद्दल कधी 0.31, फार तर 0.40.

ग्रोनेवोल्डचा आकडा आदर्श मापनात कधी ऋण होत नाही हे लिंडब्लाड यांनी 1972 मध्ये सिद्ध केलं. सगळी मापनं आदर्श नसतात. यंत्र उत्तर देता देता फोटॉनचं ध्रुवीकरण अस्ताव्यस्त करून टाकत असेल, तर आधी पक्का माहीत असलेला फोटॉनही मापनानंतर अनिश्चित होतो आणि आकडा शून्याखाली जातो. कुठल्या प्रकारच्या मापनांत तो कधीच ऋण होत नाही, याची नेमकी अट जपानचे मासानाओ ओझावा यांनी 1986 मध्ये दिली.

‘कशाबद्दल’ हा प्रश्न आज सगळ्यात जास्त उपयोगी पडतोय तो क्वांटम संगणकात. तिथे क्युबिट, म्हणजे 0, 1 किंवा दोन्हींचं मिश्रण साठवणारे क्वांटम बिट, सारखे बिघडतात, म्हणून ते वारंवार तपासावे लागतात. पण साठवलेल्या माहितीबद्दल तपासणीत थोडं जरी कळलं, तरी तेवढ्या प्रमाणात ती माहिती मोडते, गॉगलच्या काचेत पाहिलं तसं. 1995 मध्ये पीटर शोर यांनी यावर तोडगा दाखवला. त्याचा सगळ्यात साधा भाग असा: एकच मजकूर तीन क्युबिटांवर मिळून पसरवायचा आणि विचारायचं, पहिला आणि दुसरा सारखे आहेत का? दुसरा आणि तिसरा? ‘नाही, हो’ असं उत्तर आलं तर पहिला उलटलाय, तो सरळ करा. आत 0 आहे, 1 आहे की दोन्हींचं मिश्रण, हे विचारलंच नाही. चुकीबद्दल माहिती मिळाली, मजकुराबद्दल नाही. शोरच्या नऊ क्युबिटांच्या पूर्ण रचनेत दुसऱ्या जातीची चूकही अशीच पकडली जाते.

गूगलच्या विलो या चिपवर 2024 मध्ये याच तत्त्वावरची 7 बाय 7 क्युबिटांची जाळी चालवली गेली. 49 क्युबिट मजकूर सांभाळायला आणि 48 फक्त असे प्रश्न विचारायला, साधारण दर 1.1 मायक्रोसेकंदाला एक फेरी. जाळी 3 वरून 5 आणि 5 वरून 7 केली तेव्हा चुकांचं प्रमाण दर टप्प्याला निम्म्याहून खाली आलं. एका सेकंदात लाखो फेऱ्या होतात, प्रत्येक फेरीत 48 उत्तरं येतात, आणि आतल्या मजकुराबद्दल त्या सगळ्यांतून मिळून शून्य बिट बाहेर यावेत अशीच प्रश्नांची रचना केलेली असते.